सरदाराचे डोळे

शुक्रवार जवळ आला की हल्ली गुलाम हुसेनच्या पोटात गोळा यायचा. एके काळी हाच माणूस शुक्रवारची वाट बघत बसायचा. भिवंडीच्या नारपोलीत आठवडाभर लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत असतात, आणि ज्याचं घर लूमच्या शेडवरच बांधलेलं आहे त्याने स्थिर जमीन म्हणजे काय ते विसरून जावं. कपाटात कपबशा किणकिणतात, भिंतीवरचं घड्याळ हळूहळू तिरकं होत जातं, पाटावर ठेवलेली सुई सरकत सरकत कडेला येते. नव्या सुना आधी डोकं धरून बसतात, आणि पुढे माहेरी गेल्या की तिथल्या शांततेत झोप येत नाही म्हणून कुरकुरतात. फक्त शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी घर जागच्या जागी उभं राहायचं आणि गुलाम हुसेन खिडकीपाशी बसून सैनिकांचे डोळे रंगवायचा.

सैनिक प्लास्टिकचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. खोक्यातून यायचे तेव्हा ते युरोपातल्या कुठल्यातरी लढाईतले फ्रेंच असायचे. उंच टोप्या, घट्ट कोट, पाठीवर पिशव्या, गुडघ्यापर्यंत बूट. गुलाम हुसेनच्या हाताखालून गेले की तेच लोक वसईच्या वेढ्यातले मराठे होऊन बाहेर पडायचे. पातळ पात्याने टोपी उडवायची आणि दोन रंगांची, वाळली की दगड होणारी पुट्टी मळून तिथे पगडी बांधायची. पाठीवरची पिशवी तासून तिची ढाल करायची. बूट खरवडून आतले अनवाणी पाय काढायचे. मान वळवायची असेल तर डोकं धडावेगळं करायचं, दोन्हींना बारीक भोक पाडायचं आणि लूमच्या जुन्या फणीची तार मध्ये घालून पुन्हा बसवायचं. कमरबंदाला खळ दिलेलं सूत, ते तर या गावात कुठेही वाकलं की हाताला लागतं. "फ्रेंच माणसाचं एवढं भलं दुसऱ्या कुणी केलं नसेल," असं गुलाम हुसेन म्हणायचा.

हे सगळं खेळासाठी. मोठ्या टेबलावर किल्ला, खाडी, खंदक मांडायचे, दोन बाजूंना दोन लष्करं उभी करायची, आणि फासे टाकत, पट्टीने अंतर मोजत लढाई लढायची. वर्षातून एकदा वसईची मोठी लढाई व्हायची. शेजारच्या दोघाचौघांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, या वयात बाहुल्या काय बनवतोस म्हणून. गुलाम हुसेनने सांगितलं, "पोरांचीच खेळणी आहेत. पोरं तेवढी म्हातारी झालीत."

दुसरं म्हातारं पोर म्हणजे टेमघरचा केसरीनाथ. शाळेत एका बाकावर बसलेले हे दोघे. केसरीनाथ आगरी, त्याच्या बापजाद्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी आहेत, आणि त्याचं बोलणं असं की समोरच्याने आधी खांब धरून उभं राहावं. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. खोट्याला आधी थोडा विचार करावा लागतो आणि तेवढा दम केसरीनाथला कधी निघाला नाही. एका लग्नात त्याने भर मांडवात नवरदेवाला "तुजी पगडी वाकडी हाय नि तोंड पन" असं सांगितलं होतं, ते लोक अजून विसरलेले नाहीत. वसईच्या लढाईत मराठे कायम त्याचे आणि पोर्तुगीज गुलाम हुसेनचे. आपणच घडवलेल्या मराठ्यांच्या हातचा मार गुलाम हुसेन दरवर्षी आनंदाने खायचा.

आखणीची रीतही केसरीनाथचीच. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, ती त्याने उचलून या टेबलावर आणली. मराठ्यांच्या सरदाराचे डोळे आधी रंगवायचे नाहीत. दोन्ही लष्करं मांडून झाली, सगळे जमले, की गुलाम हुसेनने सगळ्यांदेखत ब्रश उचलायचा आणि सरदाराचे डोळे उघडायचे. तोवर एकाही सैनिकाला कुणी हात लावायचा नाही. मग पहिला फासा. हे सगळं गुलाम हुसेनच्या घरी आणि शुक्रवारीच, कारण त्याच दिवशी त्याचं घर हलत नाही.

आता पोटातल्या गोळ्याविषयी. बकरी ईदनंतरच्या एका शुक्रवारी तो एका नगारेवाल्याचे डोळे घ्यायला बसला होता. ब्रशचं टोक डोळ्याच्या खाचेपाशी गेलं आणि थरथरलं. त्याने हात मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा तेच. त्याला राग आला. शुक्रवारी लूम चालवतंय कोण? खालची शेड भाड्याने घेतलेल्या ओसामाला दोन शब्द सुनावावेत म्हणून तो उठून गॅलरीत गेला आणि वाकून बघितलं. शेडला कुलूप होतं. दारात कुत्रं झोपलं होतं. गुलाम हुसेन बराच वेळ त्या कुलपाकडे बघत राहिला, आणि मग कठड्यावरचा उजवा हात उचलून त्याने समोर धरला. हात हलत होता.

किती महिन्यांपासून हलत असेल, अल्लाला ठाऊक. हलणाऱ्या घरात हलणारा हात दिसतो कुणाला? चहा सांडला, लूममुळे. सही वाकडी आली, लूममुळे. गळ्याशी बटण लागत नाही, त्यालाही लूमच. नारपोलीत प्रत्येक गुन्हा लूमच्या नावावर जातो आणि लूम बिचारे कधी साक्ष द्यायला येत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही गावात हे दुखणं घरच्यांनी कधीच पकडलं असतं. इथे ते बिनभाड्याने राहिलं.

त्या दिवसापासून त्याचं वेळापत्रक उलटं झालं. आता तो कामाला बसायचा ते शनिवार ते गुरुवार, लूम पूर्ण जोरात असताना. हात हलला तर हलला, सगळंच हलत असायचं. शुक्रवारी नमाज झाली की एसटी पकडायची, गणेशपुरीकडे एका ओळखीच्याच्या शेतावर जाऊन बसायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर या गोष्टीला नाव देईल आणि नाव मिळालं की ती कायमची घरात येऊन बसेल, असं त्याला वाटायचं. लूम भाड्याने देऊन टाकले होते, बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी दिवसभर नोकरीवर असायची. नमाज, दोन वेळचं जेवण आणि हे सैनिक एवढंच आयुष्य उरलं होतं. त्यातला हात गेला तर दिवस कशाने भरायचा, हे त्याला कळत नव्हतं, आणि त्या विचाराने तो खरोखर घाबरायचा.

यंदाचं लष्करही त्याने डोळे रंगवायला लागू नयेत अशा बेताने बनवलं. पगड्या भुवयांवर ओढलेल्या. पखालवाले मान खाली घालून चाललेले. एक बंदूकवाला तर दोन्ही डोळे मिटून नेम धरत होता. केसरीनाथची मुलगी उन्नती या खेळात पंच असते, तिने एकदा खोक्यात डोकावून विचारलं, "हुसेनकाका, यंदा मराठे झोपेत लढणार का?"

"रात्रीचा हल्ला आहे," गुलाम हुसेन म्हणाला आणि तिच्याबरोबर हसला.

पण सरदाराला झोपवता येत नव्हतं. केसरीनाथने आधीच बजावून ठेवलं होतं, घोड्यावरचा सरदार मान वर करून किल्ल्याकडे बघणारा पाहिजे. सात निरनिराळ्या सैनिकांचे तुकडे जोडून तो तयार झाला होता. अंगरखा, दुपट्टा, घोड्याचा लगाम, सगळं जागच्या जागी. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या खाचा तेवढ्या राहिल्या होत्या.

लढाईच्या आदल्या आठवड्यात केसरीनाथ जिना चढून आला तो खुशीतच. "ठान्याचा एक पोरगा येनार हाय, भावेश. त्यांचा मोठा ग्रुप हाय या खेलाचा. तुजी आखणी फोनवर घेनार, एकदम जवलून. तुजा हात बगायचाय त्यान्ला."

"हातात काय बघायचं असतं?" गुलाम हुसेनने दोन्ही हात मांडीखाली सारले.

"कसा धरतो, कसा टेकवतो. ही कला हाय बोलतात. मी बोललो, हुसेनचा हात म्हंजे दगड."

"केसरी, यंदा गुरुवारी खेळूया का?"

"गुरुवारी? लूम चालू असताना? डोक्यावर पडलास का?"

"शुक्रवारी जुमा असतो."

"जुमा काय या वर्सीच निंगाला? दर साली नमाजानंतर बसतो तू."

सांगून टाकावं असं गुलाम हुसेनच्या अगदी ओठांवर आलं. पण केसरीनाथला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. संध्याकाळपर्यंत टेमघरला कळलं असतं, दुसऱ्या दिवशी अख्ख्या भिवंडीला, आणि मग लोकांनी नमाजला जाता येता त्याच्या हाताकडे बघितलं असतं. बिचारा हुसेन. तो शब्द ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याने केसरीनाथला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग तो खाली शेडमध्ये गेला. लूमच्या आवाजात बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागतं, ते एका अर्थी बरंच होतं.

"ओसामा, इस जुम्मे को तीन बजे लूम चालू कर."

ओसामाने हातातला बॉबिन खाली ठेवला. "चाचा, तबीयत ठीक है ना? जुम्मे को मैं शटर जोर से खोलूँ तो आप ऊपर से चिल्लाते हो."

"इस बार चला. घंटा दो घंटा."

"कारीगर बोलेंगे, छुट्टी के दिन क्यों?"

"मेरा काम है, समझ ले."

ओसामाने बॉबिन पुन्हा उचलला. या घराचं त्याने बरंच मीठ खाल्लं होतं. अडचणीच्या काळात चाचांनी त्याला कधी शेड रिकामी कर म्हटलं नव्हतं. "ठीक है," तो म्हणाला. "एक पार्टी का माल अटका है, वही निकाल लूँगा."

"कोई पूछे तो बोल, ऑर्डर है. मेरा नाम नहीं."

"कोई पूछेगा ही क्यों," ओसामा म्हणाला.

जिना चढताना गुलाम हुसेनला स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या, त्याच्याच पाया पडून आलो, असं त्याच्या मनात आलं. पण घर हललं की झालं. भावेशच्या फोनमध्ये सगळंच हलताना दिसेल आणि त्यात एक हात कुणाच्या लक्षात येणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी अतिया कामावरून आली. अतिया त्याची मुलगी, एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला. सैनिकांची कापाकापी आणि पुट्टीचं काम गेली काही वर्षं तो सांगेल तसं तीच करायची, रंग मात्र अब्बांचा. ती सरदाराला उजेडात धरून निरखत होती.

"अब्बा, डोळ्यांच्या खाचा मी जरा खोल केल्यात. ब्रश नुसता टेकवला तरी रंग बरोबर बसेल."

गुलाम हुसेनने चमकून तिच्याकडे बघितलं. "कशाला? मी काय आज शिकायला बसलोय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

अतियाने सरदाराला हलकेच खाली ठेवलं. "तुम्ही हल्ली शुक्रवारी कामाला बसत नाही," ती म्हणाली.

"गणेशपुरीची हवा मानवते मला."

तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि तिची पाठ बघत गुलाम हुसेन विचार करत राहिला, हिला किती कळलंय? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

शुक्रवारी नमाजहून तो घाईने परत आला. टेबल सकाळीच मांडून झालं होतं. एका टोकाला वसईचा किल्ला, त्याच्या बुरुजांना अतियाने खरी माती चोळली होती, दोन्ही बाजूंना रंगवलेली खाडी, आणि समोर डोळे झाकून उभं असलेलं मराठ्यांचं लष्कर. केसरीनाथ, उन्नती आणि भावेश आले. भावेश तिशीतला, अदबीने बोलणारा मुलगा. त्याने तीन पायांच्या छोट्या स्टँडवर फोन बसवला आणि सरदाराच्या चेहऱ्यासमोर आणला. फोनच्या पडद्यावर सरदाराचा चेहरा तळहाताएवढा दिसायला लागला.

घर शांत होतं. ग्लासातलं पाणी काचेसारखं स्तब्ध होतं. गुलाम हुसेन खालच्या आवाजाकडे कान लावून बसला होता आणि खालून काहीच ऐकू येत नव्हतं.

"चहा घ्या आधी," तो म्हणाला.

चहा झाला. तीन वाजून गेले. केसरीनाथ खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "चल हुसेन. उघड डोले."

गुलाम हुसेनने चष्मा काढून पुसला. ब्रश धुतला. काळा रंग झाकणात काढला, जाड वाटला म्हणून पाण्याचा थेंब टाकला, मग पातळ वाटला म्हणून पुन्हा रंग घातला. चष्मा दुसऱ्यांदा पुसला. ओसामा विसरला की काय? की कारीगर आलेच नाहीत? उन्नती म्हणाली, "काका, टेन्शन आलं का फोनचं?" आणि तेवढ्यात खाली शटर कर्रकन वर गेलं. एक लूम चालू झाला, दुसरा, मग सगळे. टेबल थरथरायला लागलं. खंदकाच्या कडेला उभे असलेले दोन पखालवाले सरकत सरकत आत पडले. गुलाम हुसेनने चष्मा नाकावर नीट बसवला.

"आज शुक्रवार ना?" उन्नती म्हणाली.

"सगळं हलतंय," भावेश फोनमध्ये बघत म्हणाला.

"हलू दे. आम्हाला सवय आहे," गुलाम हुसेन म्हणाला आणि त्याने ब्रश उचलला.

पण केसरीनाथ उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आज? आजच्या दिवशी? दर शुक्रवारी कुलूप, नि माज्या मित्राच्या आखणीच्या येलंला या ओसामाला माल काढायचाय?"

"केसरी, राहू दे. चालतं मला."

"तुला चालतं, मना न्हाय चालत."

"केसरी, खाली बस." गुलाम हुसेनचा आवाज चिरकला, पण लूमच्या आवाजात तो कुणाला जाणवला नाही. केसरीनाथ जिन्यात पोचलासुद्धा. गुडघेदुखीचा माणूस, पण मित्रासाठी भांडायचं म्हटल्यावर तो धडाधड पायऱ्या उतरत गेला.

गुलाम हुसेन ब्रश हातात धरून बसून राहिला. खालून केसरीनाथचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ओसामा बिचारा किती वेळ टिकणार? केसरीनाथ ओरडायला लागला की माणूस आपल्या बापाचंही नाव सांगून टाकतो. मग एक लूम थांबला. मग दुसरा. एकेक करून सगळे थांबले, आणि घर पुन्हा जागच्या जागी उभं राहिलं.

"वा," भावेश म्हणाला. त्याने फोन जरा पुढे सरकवला. "काका, ब्रश एकदा जवळ आणून ठेवा. फोकस करून घेतो."

नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. गुलाम हुसेनने मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं आणि ब्रशचं टोक सरदाराच्या चेहऱ्यापाशी नेलं. टोक थरथरत होतं. त्याने मनगट आणखी दाबलं. फोनच्या पडद्यावर ते टोक बोटाएवढं जाड दिसत होतं आणि सरदाराच्या कपाळावरून गालावर, गालावरून कपाळावर हेलकावे घेत होतं.

"फोकस होत नाहीये," भावेश पुटपुटला. त्याने पडदा पुसला.

"स्टँड हलतोय का?" उन्नतीने विचारलं.

"नाही. स्टँड घट्ट आहे."

अतिया फोनकडे बघत नव्हती. आखणीआधी हात लावायचा नाही ही रीत विसरून ती खाली मान घालून खंदकात पडलेले पखालवाले उचलत होती, आणि ते उचलायला तिला फार वेळ लागत होता. जिन्यात केसरीनाथची पावलं वाजली. दारात येता येताच त्याचा आवाज सुरू झाला.

"हुसेन, तो ओसामा काय बोलतो ठाव हाय का? बोलतो, चाचांनीच मना..."

आणि तो थांबला. गुलाम हुसेनने मान वर केली. केसरीनाथ त्याच्या हाताकडे बघत होता. मग त्याने टेबलावरच्या ग्लासाकडे बघितलं, त्यातलं पाणी अजिबात हलत नव्हतं. मग पुन्हा हाताकडे. उभ्या आयुष्यात ज्याने एक वाक्य अर्धं सोडलं नव्हतं, तो माणूस तोंड उघडं टाकून दारात उभा होता. आता हा बोलणार, गुलाम हुसेनला वाटलं. आत्ता, सगळ्यांसमोर. ब्रश खाली ठेवायचं भानही त्याला राहिलं नाही.

"काय म्हणाला ओसामा?" उन्नतीने विचारलं.

केसरीनाथने हाताने खाली शेडकडे दाखवलं. "बोलतो, ऑर्डर हाय. बंद न्हाय करनार."

"पण बंद तर केलेत," भावेश म्हणाला.

"ते... दोरा तुटला. जोडतात दोरा. चालू करनार लगेच."

"सगळ्या लूमचा एकदम?"

"सगल्यांचा," केसरीनाथ म्हणाला आणि पाठ फिरवून पुन्हा जिना उतरायला लागला. या वेळी एकेक पायरी, कठड्याला धरून. इतकं वाईट खोटं गुलाम हुसेनने कधी ऐकलं नव्हतं.

लूम पुन्हा चालू झाले. टेबल थरथरायला लागलं. केसरीनाथ धापा टाकत वर आला, म्हणाला, "ऐकत न्हाय तो. रंगव तू," आणि आपली मराठ्यांच्या बाजूची खुर्ची सोडून गुलाम हुसेनच्या शेजारी येऊन बसला. बसला तो असा की त्याचा रुंद खांदा बरोबर फोनच्या समोर आला.

"काका, जरा बाजूला होता का?" भावेशने मोठ्याने विचारलं.

"मना हितूनच दिसतं."

उन्नतीने बापाचा चेहरा बघितला आणि भावेशचा फोन हळूच दुसरीकडे वळवला. गुलाम हुसेनने श्वास रोखला. पहिला डोळा घेतला. रंग खाचेत उतरला, जिथे हवा तिथे. दुसऱ्याला ब्रश टेकता टेकता हात उडाला आणि काळा ठिपका भुवईला जाऊन चिकटला. सरदार एका डोळ्याने किल्ल्याकडे आणि दुसऱ्याने आभाळाकडे बघायला लागला.

"लूम," केसरीनाथ ओरडून म्हणाला. "या लूमनी वाट लावली."

"एवढ्या हादऱ्यात एवढं जमणं म्हणजेच कमाल आहे," भावेश म्हणाला. तो मनापासून बोलत होता. गुलाम हुसेन त्याच्याकडे बघून हसला, आणि हसताना त्याला अगदी रडू येईल असं वाटलं.

पहिला फासा पडला. उन्नती, भावेश आणि अतिया टेबलावर वाकून पट्टीने अंतर मोजू लागले, तोफ पोचते की नाही यावरून त्यांची वादावादी सुरू झाली. केसरीनाथने आपलं तोंड गुलाम हुसेनच्या कानाशी नेलं.

"कवापासून?"

"बकरी ईद. त्याच्याही आधीपासून असेल."

"डाक्टर?"

गुलाम हुसेनने नकारार्थी मान हलवली.

"उद्या जायचं. मी येतो."

"नको."

"का नको?"

हे गुलाम हुसेनने कुणाला सांगितलं नव्हतं, एकटा असतानाही कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. "भीती वाटते," तो म्हणाला.

"काय?" केसरीनाथने कानामागे हात धरला. "आवाजात कलत न्हाय."

आता हे पुन्हा म्हणायला हवं होतं, आणि लूमच्या वर आवाज काढून. गुलाम हुसेनने केसरीनाथकडे तोंड वळवलं. "मला भीती वाटते, केसरी."

टेबलापलीकडे अतियाच्या हातातली पट्टी जागच्या जागी थांबली. तिने वर बघितलं नाही. केसरीनाथने टेबलाखाली हात घालून गुलाम हुसेनचा हात आपल्या मुठीत घेतला. शेतात राबलेला, मोठा, खरखरीत हात होता तो. त्याने मूठ घट्ट आवळली, अजून घट्ट आवळली, तरी आतला हात हलतच होता.

"मना पन," केसरीनाथ म्हणाला, आणि त्याने मूठ सोडली नाही.